थारोळ्यावरची माकडं

मला क्षय झाला तेव्हा आमची मुलगी नुकतीच चालायला लागली होती. मी नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचं काम करत होतो. शिशाच्या धुळीनं तिथं सगळेच खोकायचे, त्यामुळं माझ्या खोकल्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही, माझंही नाही. रुमालावर रक्त दिसलं तेव्हा दादांनी मला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी पाठ ठोकून पाहिली, छातीला नळी लावली आणि मला बाहेर बसायला सांगून ते दादांशी बोलत राहिले. दादा बाहेर आले ते माझ्याकडं न बघता. मला तेवढ्यावरून कळलं. त्या काळी या रोगाला औषध नव्हतं. मोकळी हवा, दूध, अंडी आणि पडून राहणं, एवढंच सांगत. बाकी ज्याचं त्याचं नशीब.

दादा माझे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हापासून त्यांनीच मला वाढवलं. घर लहान, माणसं पुष्कळ, वहिनींचे दोन मुलगे, वर आमची मुलगी. तिथं मला ठेवणं शक्यच नव्हतं. दादांच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा हुडकेश्वरला संत्र्याचा बगीचा होता आणि बगिच्यातलं कौलारू घर रिकामं पडलं होतं. दसरा झाल्यावर मी तिकडं जायचं ठरलं.

"मी एकटाच जाईन," मी म्हणालो.

बायको चुलीपुढून उठली. "एकटे जाऊन काय करान? स्वयंपाक कोण करीन? तापात पाणी कोण देईन?"

"तुले समजत नाही," दादा तिला म्हणाले. "हा रोग लागणारा आहे."

"मले समजते. मी जाऊन राहिली."

"आन् लेकरू?"

तिनं मुलीकडं पाहिलं. मुलगी वहिनींच्या मांडीवर बसून मुरमुरे खात होती. वहिनी म्हणाल्या, "राहू दे वं माझ्यापाशी. दोन-चार महिन्यांचा तर सवाल आहे." वहिनी मनानं फार चांगल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी पोरीला शेजारच्या घरी खेळायला नेलं आणि तेवढ्यात आम्ही बैलगाडीत बसून निघालो.

हुडकेश्वर तेव्हा आडवळणाचं खेडं होतं. बगीचा गावापासून जरा बाजूला. घराच्या ओसरीवर माझी बाज टाकली होती आणि समोर विहीर दिसायची. मोटेचं पाणी जिथं ओततात त्या दगडी कुंडाला थारोळं म्हणतात. मोट सुटली तरी त्या थारोळ्यात पाणी साचून राहायचं आणि ते प्यायला माकडं यायची. पलीकडं चिंचेची मोठी झाडं होती, तिथं त्यांचा मुक्काम असे. आमच्या भागात काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं सगळीकडं दिसतात. लोक त्यांना मारुतीचं रूप मानतात, शनिवारी फुटाणे घालतात. ही मात्र लाल तोंडाची, त्यांच्याहून लहान, आखूड शेपटीची. त्यांना कुणी हात जोडत नसे.

डॉक्टरांनी मला वाचायलासुद्धा मनाई केली होती. बोलायचं कमी, हसायचं नाही, हात वर करायचा नाही. मग दिवसभर करायचं काय? मी माकडं बघत राहिलो.

सुरुवातीला मला ती सगळी एकसारखी दिसायची. हळूहळू चेहरे वेगळे व्हायला लागले. एक म्हातारी माकडीण होती, तिचा एक कान अर्धा फाटलेला. ती झाडावरून उतरली की बाकीची बाजूला व्हायची. थारोळ्याशी ती आधी जाणार, मग तिच्या मुली, मग त्यांची पोरं, आणि मग इतर. एक भला मोठा नर होता, छाती काढून चालायचा, आणि मी त्यालाच टोळीचा मालक समजत होतो. पण पाहता पाहता लक्षात आलं की तोसुद्धा म्हातारीच्या मनाविरुद्ध फार काही करत नाही. एकदा त्यानं तिच्या एका नातवाला झटका दिला, तर ती, तिच्या मुली, सगळ्या मिळून त्याच्यावर अशा धावून गेल्या की तो कवठाच्या झाडावर चढून दुपारपर्यंत उतरला नाही.

बायकोला याची मोठी गंमत वाटली. ती काम आटोपून ओसरीच्या पायरीवर येऊन बसायची. आमच्यात दोन हातांचं अंतर ठेवायचं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं; ती ते पाळायची आणि विसरायची.

"ही पाटलीण आहे," म्हातारीकडं बोट दाखवून ती म्हणाली. "आन् ते पाहा, धाकट्या लेकीचा कसा तोरा आहे. थोरलीले उठवून तिच्या जागी बसली."

खरंच तसं होतं. म्हातारीच्या मुलींमध्ये सर्वांत धाकटीचा मान थोरल्या बहिणींपेक्षा जास्त होता. का, ते मला आजही सांगता येणार नाही. आई तिची बाजू घेत होती म्हणून असेल. टोळीत जन्मलेल्या पोरीला आईची जागा मिळायची आणि ती जागा जन्मभर बदलायची नाही. ज्या माकडिणीची आईच खालच्या पायरीची, ती कितीही धष्टपुष्ट झाली तरी पाटलिणीच्या दुबळ्या नातीसमोरून उठायची.

अशी एक खालची होती. अंगानं सडपातळ, नाकावर जुना ओरखडा. तिला कुणी आपलं नव्हतं; आई आधीच मेली असावी. ती नेहमी कडेला. थारोळ्याशी सगळ्यांचं पाणी पिऊन झालं की ती यायची, एक घोट घ्यायची आणि मागं वळून बघायची. पाटलिणीची कुणी लेक नुसती तिच्याकडं बघायला लागली तरी ही ओठ मागं ओढून सगळे दात दाखवायची. मला वाटायचं ती हसते. पुष्कळ दिवसांनी समजलं की ते हसणं नव्हे, भीती आहे. ते दात म्हणजे आमच्यातले जोडलेले हात.

मारामाऱ्या रोज व्हायच्या, पण त्याहून जास्त वेळ ती एकमेकांच्या अंगावरचे केस विंचरण्यात घालवायची. एकजण पालथं पडायचं, दुसरं बोटांनी केस बाजूला करून काहीतरी टिपून खायचं. भांडण झालेली दोघंही थोड्या वेळानं जवळ यायची आणि हेच करत बसायची. थंडीत तर सकाळचं ऊन येईपर्यंत ती एकमेकांना इतकी चिकटून बसायची की कुठला हात कुणाचा हे कळू नये. मी बाजेवर घोंगडी पांघरून बघायचो. माझं ताट वेगळं होतं, तांब्या वेगळा होता, कपडे उकळून धुतले जात होते. बायको जेवण ठेवून बाजूला व्हायची. दर रविवारी दादा डबा घेऊन यायचे आणि वारा पाहून बसायचे, माझ्याकडून त्यांच्याकडं वारा येणार नाही असे. मी त्यांना बोल लावत नाही. त्यांच्या घरात लेकरं होती, त्यांतलं एक माझं.

चैत्रात टोळीत पिलं झाली. पाटलिणीच्या धाकट्या लेकीला एक, मधलीला एक, आणि त्या कडेच्या माकडिणीला एक. काळसर, सुरकुतलेल्या तोंडाची, मुठीएवढी पिलं. सगळ्या माकडिणी त्यांच्याकडं ओढल्यासारख्या यायच्या. आईच्या अंगावरचे केस विंचरायच्या आणि विंचरता विंचरता पिलाला हात लावून बघायच्या. पाटलिणीच्या लेकींना भीती नव्हती. कुणी पिलू उचललं तर त्या ते परत ओढून घ्यायच्या. ती कडेची मात्र पोटाशी धरून सगळ्यांपासून लांब बसायची.

एका सकाळी पाटलिणीची थोरली लेक तिच्याजवळ गेली. तिला त्या वर्षी पिलू झालं नव्हतं. आधी ती केस विंचरत बसली, बराच वेळ. मग तिनं पिलाचा पाय धरला आणि सहज ओढावं तसं ओढून घेतलं. आई दात दाखवत राहिली. थोरली पिलू घेऊन चिंचेच्या फांदीवर जाऊन बसली.

"देईन ती आता परत," मी म्हणालो.

तिनं परत दिलं नाही. तिच्या अंगावर दूध नव्हतं. पिलू तिच्या छातीशी तोंड घासायचं आणि चिरक्या आवाजात रडायचं. आई खालच्या फांदीवर यायची, हात पुढं करायची, तोंडानं हळू आवाज काढायची. मग पाटलीण नुसती मान वळवायची, आणि ही परत दात दाखवून मागं सरायची. दुपारी बायकोनं भाकरीचे तुकडे झाडाखाली टाकले, वाटलं थोरली खायला उतरेल, पिलू सोडेल. ती उतरली, पण एका हातानं पिलू धरूनच. मग बायकोनं दगड मारला. त्याबरोबर सगळी टोळी तिच्यावर गुरगुरत धावून आली, आणि त्या टोळीत ती आईसुद्धा होती. बायको ओसरीवर पळत आली.

"तिच्यासाठीच तर मी दगड मारला," ती म्हणाली. "आन् ती काहून आली माझ्या अंगावर?"

टोळीच्या बाहेर तिला काय होतं? पिलू गेलं तरी टोळी राहणार होती.

दुसऱ्या दिवशी पिलाचा आवाज बारीक झाला. तिसऱ्या दिवशी थोरलीनं ते फांदीवरच टाकून दिलं आणि ती पाणी प्यायला आली. आईनं ते उचललं. तेव्हा ते मेलेलं होतं. तिनं ते पोटाशी धरलं. ते धरून राहीना, तर एका हातात घेऊन तीन पायांवर चालायला लागली. उन्हाळ्याचे दिवस. पिलू वाळत गेलं, त्याचे केस झडले, तरी ती त्याच्यावरच्या माशा हाकायची. पाणी प्यायला यायची तेव्हा ते दगडावर ठेवायची, पाणी पिऊन परत उचलायची. या काळात पाटलिणीची तीच थोरली लेक तिच्याजवळ बसून तिचे केस विंचरताना मी पाहिली. तिनंही विंचरून घेतले. मग एके दिवशी तिच्या हातात काही दिसलं नाही.

त्याच आठवड्यात बायको म्हणाली, "मी नागपूरले जाऊन येते. पोरीले पाहून येते."

दादांबरोबर ती गाडीतून गेली आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या एका बंडीतून, म्हणजे बैलगाडीतून, परत आली. आल्या आल्या तिनं चूल पेटवली. मी विचारलं, "कशी आहे?"

"चांगली आहे. बोलून राहिली आता."

"ओळखलं?"

तिनं फुंकणी घेतली. पुष्कळ वेळ फुंकत बसली. मग म्हणाली, "वहिनींच्या मागं लपली. वहिनी म्हणे, जा वं, आई आली तुझी. तर तिनं वहिनींचाच पदर तोंडावर घेतला."

त्यानंतर वर्षभर ती गेली नाही. मी पुन्हा जा म्हणालो की म्हणायची, तुम्ही बरे व्हा, मग दोघं मिळून आणू.

आणि मी बरा होत होतो, हीच यातली वाईट गोष्ट. पावसाळा गेला, दुसरी थंडी आली, माझा ताप उतरला, गालावर मांस आलं. डॉक्टरांना दाखवायला गेलो तर त्यांनी दादांच्या पाठीवर थाप मारली. मी ओसरीवरून उठून विहिरीपर्यंत जायला लागलो. टोळीला माझी सवय झाली होती. पाटलीण मला पाहून नुसती भुवया उचलायची.

माघात बगिच्यातला संत्रा पिवळा व्हायला लागला. माकडं एक फळ खायची आणि चार तोडून टाकायची. ज्या बागवानानं त्या साली झाडावरचा माल घेतला होता, तो रोज शिव्या देत यायचा. एक दिवस तो तीन माणसं घेऊन आला. उत्तरेकडची होती, हिंदी बोलायची. त्यांनी चिंचेखाली बांबूचा मोठा पिंजरा उभा केला, त्याचं दार वर दोरीनं बांधून ठेवलं आणि आत चणे-केळी पसरून ती निघून गेली. माकडं आधी जवळ गेली नाहीत. मग एक पोर गेलं, मग दुसरं. रोज चणे पडत राहिले. आठवडा उलटेपर्यंत सगळी टोळी तिथं घरात शिरावी तशी शिरायला लागली. अर्थात पाळीनं. पाटलीण आधी, मग तिच्या लेकी, मग बाकीचे.

गावातले चारदोन लोक बघायला जमायचे. एक म्हातारा म्हणाला, "पाप आहे गा हे. बजरंगबलीचं लेकरू आहे."

बागवान म्हणाला, "ते काळ्या तोंडाचं असते. हे तर नुसतं माकड आहे."

यावर म्हातारा विचारात पडला आणि मग उठून गेला. दुसरं कुणी काही बोललं नाही. मीही नाही. आम्ही दुसऱ्याच्या बगिच्यात फुकट राहत होतो.

दार पडलं ते मी पाहिलं. दोर ओढणारा माणूस झाडाआड बसला होता. दार आदळल्यावर आत जो कल्लोळ झाला, तो अजूनही कानात बसलेला आहे. मोठा नर आणि आणखी काही माकडं बाहेर होती. पिलं ओरडायला लागली तशी ती पळून जायच्या ऐवजी पिंजऱ्यावर तुटून पडली, आणि त्यांतली बरीच जाळी टाकून धरली गेली. नराच्या डोक्यात काठी बसली. तो तिथंच मेला. कडेची माकडीण वाचली, कारण तिची आत जायची पाळी आली नव्हती. ती थोड्या अंतरावर बसून आतल्यांचं खाऊन व्हायची वाट बघत होती.

त्या लोकांनी मानेला फास लावून एकेकाला बाहेर काढलं आणि बंडीवरच्या लहान लहान खुराड्यांत कोंबलं. आईपासून पिलं वेगळी केली. पाटलिणीला ओढायला दोघं लागले. ती शेवटपर्यंत चावत होती. नंतर खुराड्यात तिला मी पाहिलं तेव्हा ती एका कोपऱ्यात तोंड खुपसून बसली होती, आणि शेजारच्या खुराड्यातून तिची धाकटी लेक फटीतून बोटं घालून तिच्या पाठीपर्यंत पोचायचा प्रयत्न करत होती. बोटं पोचत नव्हती.

बायको घरातून आली. तिनं त्यांतल्या एकाला विचारलं, "कहां ले जाते भैया?"

"टेसन, बाई. वहां से कलकत्ता, फिर जहाज से बाहर."

"बाहर क्या करते इनका?"

"डाक्टर लोग मंगाते हैं. क्या करते, हमको क्या मालूम."

"छोटे बच्चों को तो मां के पास रखो."

तो हसला. वाईट माणूस नव्हता. तंबाखू मळत होता. "बाई, रस्ते में आधे वैसे भी मर जाते हैं," तो म्हणाला.

बंडी गेल्यावर चिंचेखाली केळ्यांच्या साली पडून होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली उतरली. ती कडेची, दोन अर्धवट वाढलेली पोरं, आणि एक तरणा नर. हा नर मूळचा टोळीतला नव्हता. कुठून तरी आला होता आणि वर्षभर बाहेरच्या बाभळीवर बसून आत शिरायची संधी शोधत होता. सगळ्यांनी मिळून त्याला हाकलून लावलेलं होतं. आता हाकलायला कुणी नव्हतं. मला वाटलं, हा येईल, ती आहे, पोरं आहेत, वर्षा-दोन वर्षांत पुन्हा काही उभं राहील. बायकोलाही मी तसं म्हणालो.

तसं झालं नाही. नर थारोळ्यापर्यंत आला, इकडंतिकडं पाहिलं, चिंचेवर चढला, उतरला. ज्या टोळीत त्याला शिरायचं होतं ती टोळीच नव्हती. दोन दिवसांनी तो नाल्याच्या बाजूला गेला तो पुन्हा दिसला नाही. पोरं आयांना हाका मारत झाडाझाडांवरून हिंडायची. हाक देऊन थांबायची, ऐकायची. त्यांना धोक्याची सूचना देणारं कुणी उरलं नव्हतं. एकाला गावातल्या कुत्र्यांनी उघड्यावर गाठलं. दुसरं कडेच्या माकडिणीजवळ जायचं, पण ती त्याला पाहून दात दाखवायची आणि सरकून बसायची, कारण ते पाटलिणीच्या मुलीचं होतं. त्या पोराला आता कुणी नव्हतं, तरी ती त्याला भीत होती. थोड्या दिवसांत तेही मेलं.

ती एकटी राहिली. रोज पाणी प्यायला यायची आणि थारोळ्यापासून तेवढ्याच अंतरावर बसायची, जिथं ती आधी बसायची. वाट बघायची. सगळ्यांचं पाणी पिऊन व्हायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ जाऊ द्यायची. मग पुढं येऊन घोट घ्यायची आणि मागं वळून बघायची.

"पी न वं बाई," बायको ओसरीवरून म्हणायची. "कोणी नाही आता. पी."

चैत्र-वैशाखात ती नाल्यापलीकडच्या दुसऱ्या टोळीकडं जाऊन आली असावी. परत आली ती रक्तबंबाळ, एक बोट तुटलेलं. परक्या माकडिणीला कुठलीच टोळी घेत नाही. तिच्या जखमा टिपायला, केस विंचरायला कुणी नव्हतं. ती स्वतःच स्वतःच्या दंडावरचे केस ओढत बसायची, तिथं कातडी उघडी पडली होती. ज्येष्ठाच्या शेवटी ती दिसेनाशी झाली. मी चिंचेखाली शोधून आलो. काही सापडलं नाही.

बायकोला संध्याकाळचा ताप केव्हापासून येत होता ते तिनं मला सांगितलं नाही. ती म्हणायची चुलीच्या धगीनं तोंड लाल होते. मला लक्षण माहीत होतं. माझ्याच अंगावरून गेलेलं होतं. एके दिवशी ती विहिरीवरून घागर आणताना बसली आणि उठली नाही. मी तिला उचलून ओसरीवर आणली. तेव्हा कळलं, अंगात काहीच उरलं नव्हतं.

मग बाजेवर ती आणि पायरीवर मी. मी भाकऱ्या करायला शिकलो. ताट वेगळं करायला लागलो तर ती म्हणाली, "मी तुमचं वेगळं केलं तेव्हा मले किती वाईट वाटे, आता समजलं न?" आणि हसली, मग खोकत राहिली. डॉक्टर येऊन गेले. दादांना त्यांनी पुन्हा बाजूला नेलं, पण या वेळी फार वेळ लागला नाही.

तिनं एकच मागितलं. "पोरीले एकदा आणा. जवळ नका आणू. दुरून पाहीन."

दादा-वहिनी तिला टांग्यातून घेऊन आले. आषाढातली उघडीप होती. वहिनी अंगणात कवठापाशी थांबल्या, पोरीचा हात धरून. वेणी घातलेली, नवं परकर-पोलकं. बायको उशीला टेकून बसली होती. सकाळी तिनं मला केस विंचरून द्यायला लावले होते.

पोरीनं ओसरीकडं पाहिलं, मग वर वहिनींकडं. "आई," तिनं वहिनींना विचारलं, "ही कोण वं?"

वहिनी रडायला लागल्या. मी काही बोलायच्या आत बाजेवरून आवाज आला, "मावशी आहे म्हणा. मावशी आहे मी तुझी."

पोरीनं हात जोडून नमस्कार केला, शिकवला होता तसा. मग ती विहीर बघू द्या म्हणून हट्ट करायला लागली आणि दादा तिला तिकडं घेऊन गेले.

श्रावणात, दुपारी, बायको गेली. मी पाणी गाळत होतो. हाक मारली नाही तिनं.

तिचे दिवस झाल्यावर मी नागपूरला परत गेलो. छापखान्यात माझ्या जागी दुसरा माणूस होता आणि क्षय झालेल्याला कुणी शेजारी उभं करत नव्हतं. पुढं दुसऱ्या एका ठिकाणी मला मुद्रितं तपासायचं काम मिळालं. ते खोलीत एकट्यानं बसून करता येत होतं. राहायला मी वेगळी खोली घेतली. पोरीला आणण्याचं मी एकदा दादांपाशी काढलं.

दादा बराच वेळ सुपारी कातरत बसले. "पाहा गा," ते म्हणाले, "आईबाप दोघंही क्षयाचे. हे लोकांले माहीत झालं तर कोण करीन तिले? ती माझी म्हणून वाढून राहिली. वाढू दे."

ते खरं होतं. त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. वहिनी दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, मी हो म्हणेन की नाही याची. मी हो म्हणालो.

मी सणावारी जायचो. पोरगी मला काका म्हणायची. हुशार होती, शाळेत जायची. माझ्यासाठी पाणी आणायची ते एका ठरलेल्या पेल्यातून. तो पेला फळीच्या टोकाला वेगळा असायचा. तिला कुणी तसं सांगितलं असेल, किंवा बघून शिकली असेल. लढाई सुरू झाली, सरलीही. या रोगावर आता सुया निघाल्यात असं छापलेलं मी स्वतःच एक दिवस तपासलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या.

तिचं लग्न कळमेश्वरच्या एका घरात झालं. चांगले लोक, शेतीवाडी असलेले. कन्यादान दादा-वहिनींनी केलं. मी मांडवात पाहुण्यांच्या रांगेत बसलो होतो, मुलाकडच्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "तुम्ही मुलीचे कोण?" मी म्हणालो, "काका." त्यानं मान हलवली आणि माझ्याकडं पान सरकवलं.

निघताना ती सगळ्यांच्या पाया पडत आली. वहिनींच्या गळ्यात पडून खूप रडली. दादांच्या पाया पडली. मग रांगेनं माझ्यापाशी आली, वाकली. तिला कधी काही कळलं होतं का, मला ठाऊक नाही. कळलं असेल तर तिनं ते चांगलं सांभाळलं. तिच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून मी हात उचलला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तो मध्येच थांबला.

"काका, येते," ती म्हणाली.

"ये," मी म्हणालो. ती पुढच्या माणसाच्या पाया पडायला वळली.